‘देणगीवर करवजावट मिळेल’: एका जाहिरातीपायी चर्चनं गमावलेली करसवलत

अमेरिकेत चर्चना करातून सूट असावी की नसावी, हा वाद दर निवडणुकीला नव्यानं पेटतो. ‘काढा’ म्हणणारे टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांच्या खासगी विमानांकडे बोट दाखवतात. ‘ठेवा’ म्हणणारे खेड्यातल्या पन्नास माणसांच्या मंडळीचं गळकं छप्पर दाखवतात. ही सूट खरोखरच काढून घेतली तर चर्चचं नेमकं जातं काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर एका जुन्या प्रकरणात मिळतं. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन भागातल्या एका चर्चनं दोन देशव्यापी वृत्तपत्रांत पानभर जाहिरात दिली. १९९५ मध्ये आयकर खात्यानं त्याची सवलत रद्द केली आणि २००० मध्ये अपील कोर्टानं तो निर्णय कायम ठेवला. उपासना, मंडळी, पाळक सगळं असलेल्या खऱ्याखुऱ्या चर्चची मान्यता राजकारणापायी जाण्याची ही पहिलीच वेळ, अशी नोंद निकालातच आहे. निकालपत्र जाहीर आहे आणि त्यात सगळी नावं आहेत. इथं मात्र चर्चचं आणि पाळकांचं नाव घेतलेलं नाही, त्यावाचून काही अडत नाही.

पार्श्वभूमी

‘चर्चची करमुक्ती’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चर्चच्या स्वतःच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, ही पहिली. चर्चला देणगी देणाऱ्याला ती रक्कम आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येते, ही दुसरी. इमारतीवर आणि जमिनीवर मालमत्ता कर नाही, ही तिसरी. ती राज्याच्या आणि गावाच्या पातळीवरची. चौथी गोष्ट कागदपत्रांची. इतर धर्मादाय संस्थांना मान्यतेसाठी अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं, जे कुणालाही पाहता येतं. चर्चला यातलं काहीच सक्तीचं नाही. कायद्याच्या व्याख्येत बसलं की ते आपोआप करमुक्त. शिवाय खात्याच्या लेखी ‘चर्च’ या शब्दात देऊळ, मशीद, सिनेगॉग, गुरुद्वारा सगळे येतात. न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या आपल्या मंदिरांना नेमका हाच नियम लागू आहे.

भारतातल्या ट्रस्टचं काम पाहिलेल्या वाचकाला पहिल्या दोन सवलतींतला फरक लगेच कळेल. आपल्याकडे त्यांना ‘१२ए’ आणि ‘८०जी’ म्हणतात. १९६१ च्या आयकर कायद्यानं या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या. सार्वजनिक धार्मिक ट्रस्टला स्वतःच्या उत्पन्नावर सूट मिळू शकते, पण देणगीदाराची ८०जी ची वजावट निव्वळ धार्मिक कामासाठी मिळत नाही. ८०जी असलेल्या संस्थेलाही उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच धार्मिक खर्च करता येतो. सरकारनं अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीचा तेवढा अपवाद. अमेरिकेत मात्र दोन्ही सवलती ‘५०१(सी)(३)’ या एकाच दर्जाला बांधलेल्या आहेत. या प्रकरणातला सगळा गुंता त्या गाठीतून निघाला, असं माझं मत आहे.

या दर्जाबरोबर एक अट येते, जी १९५४ पासूनची आहे. टेक्सासचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी त्या वर्षी २ जुलैला सिनेटमध्ये एक छोटीशी दुरुस्ती मांडली: करमुक्त धर्मादाय संस्थेनं सार्वजनिक पदाच्या कुठल्याही उमेदवाराच्या प्रचारात भाग घेऊ नये. तिच्यावर सुनावणी झाली नाही, म्हणण्यासारखी चर्चाही झाली नाही. जॉन्सनना तेव्हा आपल्या प्रतिस्पर्ध्याला बळ देणाऱ्या काही करमुक्त संस्था खुपत होत्या. चर्च त्यांच्या डोळ्यांपुढे होती, असं कुठे दिसत नाही. १९८७ मध्ये मजकुरात ‘उमेदवाराच्या विरोधात’ हे शब्दही घातले गेले. मुद्द्यांवर बोलायला बंदी नाही. गर्भपात, युद्ध, दारूबंदी, वंशभेद यावर व्यासपीठावरून कितीही कडक बोला. उमेदवाराचं नाव घेऊन ‘याला द्या’ किंवा ‘याला देऊ नका’ म्हटलं की रेषा ओलांडली.

मालमत्ता कराचा प्रश्न त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला होता. स्टेटन आयलंडवर जमिनीचा एक लहानसा तुकडा असलेल्या एका माणसानं न्यूयॉर्क शहरावर दावा लावला: चर्च कर भरत नाहीत, म्हणजे त्यांचा भार माझ्यावर येतो, म्हणजे मी सक्तीनं चर्चला वर्गणी देतोय. १९७० च्या ‘वॉल्झ’ निकालात सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी हा युक्तिवाद फेटाळला. कर लावायचा तर सरकारला चर्चचं मूल्यांकन, वसुली, जप्ती या सगळ्यात पडावं लागेल. त्यापेक्षा सूट देण्यात सरकार आणि धर्म एकमेकांपासून जास्त दूर राहतात, असं ते म्हणाले. न्या. विल्यम डग्लस एकटे विरोधात गेले. सूट म्हणजे अनुदानच, असं त्यांचं म्हणणं. पन्नास वर्षांनंतरही वादाच्या दोन्ही बाजू याच दोन मतांभोवती फिरतात.

अजून एक कायदा ध्यानात ठेवावा लागेल. चर्चची चौकशी आयकर खात्यानं मनात आलं म्हणून करू नये यासाठी १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, खास कलम आणलं, कलम ७६११. वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी कारणांसह वाजवी शंका असली पाहिजे, चर्चला आधी नोटीस गेली पाहिजे. नुसती विचारणा नव्वद दिवसांत आवरायची. त्यापुढे तपासणी काढली तर तिचा निर्णय दोन वर्षांच्या आत द्यायचा.

प्रसंग

३० ऑक्टोबर १९९२. मतदानाला चार दिवस. ‘यूएसए टुडे’ आणि ‘वॉशिंग्टन टाइम्स’ या दोन्ही वृत्तपत्रांत पानभर जाहिरात आली. मथळ्याचा आशय ‘ख्रिस्तीजनहो, सावध’. गर्भपात, समलैंगिकता आणि शाळांतून किशोरवयीन मुलांना निरोध वाटणं या तीन मुद्द्यांवर गव्हर्नर बिल क्लिंटन यांची भूमिका बायबलच्या आज्ञांविरुद्ध आहे, असा मजकूर.

तळाशी बारीक अक्षरांत दोन गोष्टी होत्या. एक, जाहिरात कुणाची: हे चर्च, त्याचे मुख्य पाळक, आणि देशभरातली इतर चर्च व चिंतित ख्रिस्तीजन. दुसरी, या जाहिरातीसाठी करवजावटीला पात्र देणग्या आनंदानं स्वीकारल्या जातील. पाठवण्याचा पत्ता चर्चचाच.

देशभरातून शेकडो देणग्या आल्या. लगोलग ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या एका बातमीत जाहिरातीचा उल्लेख झाला. नंतर त्याच वृत्तपत्रातले स्तंभलेखक अँथनी लुईस यांनी लिहिलं की, जाहिरात देणाऱ्यांनी करकायदा जवळजवळ नक्कीच मोडलाय. क्लिंटन निवडून आले. २० नोव्हेंबरला खात्याच्या प्रादेशिक आयुक्तांचं पत्र चर्चच्या दारात.

समोर कोणते पर्याय होते

आधी चर्चच्या बाजूनं पाहू. जाहिरात देण्यापूर्वी चर्चच्या हातात निदान चार वाटा होत्या.

सर्वांत सोपी म्हणजे नाव न घेणं. तिन्ही मुद्दे तसेच ठेवून क्लिंटन हा शब्द गाळला असता, तर ती मुद्द्यांवरची जाहिरात ठरली असती. निवडणुकीच्या चार दिवस आधी ती कुणाबद्दल आहे हे सगळ्यांनाच कळलं असतं, त्यामुळे धोका पूर्ण टळला नसता, पण बराच कमी झाला असता.

दुसरी वाट, पाळकांनी आणि मंडळीतल्या लोकांनी नागरिक म्हणून स्वतःच्या खिशातून जाहिरात देणं. पाळक झाला म्हणून माणसाचा मतस्वातंत्र्याचा हक्क जात नाही. त्यानं चर्चचं पद, चर्चचा पैसा आणि चर्चचा पत्ता वापरला नाही की झालं.

तिसरी वाट जरा किचकट. चर्चनं वेगळी नोंदणी केलेली ‘५०१(सी)(४)’ संस्था काढायची आणि तिच्यामार्फत निवडणूक निधी समिती, म्हणजे ‘पॅक’, चालवायची. हिशेब पूर्ण वेगळे ठेवायचे. या मार्गानं आलेल्या पैशावर देणगीदाराला वजावट मिळत नाही, पण बोलायला मोकळीक मिळते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका लॉबिंगच्या प्रकरणात अशा दुहेरी रचनेचा मार्ग दाखवलाच होता: बोला, पण अनुदानित पैशानं नको.

चौथी वाट म्हणजे सवलतच नाकारायची. काही चर्च तत्त्व म्हणून असं करतात आणि सरकारचं काही लागत नाही, असं सांगतात. फार थोडी.

चर्चनं पाचवी वाट घेतली: चर्चचं नाव, चर्चचा पत्ता, उमेदवाराचं नाव आणि वजावटीचं आमिष, सगळं एकाच पानावर.

आता खात्याच्या बाजूनं. जाहिरातीचा पुरावा हातात होता, शोधायचं काही नव्हतं. दुर्लक्ष करता आलं असतं, आणि चर्चच्या बाबतीत खातं बहुतेक वेळा तेच करतं. ताकीद देऊन, पुन्हा असं करणार नाही असं लेखी घेऊन मिटवता आलं असतं. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या दूरचित्रवाणी सेवाकार्याशी खात्यानं तडजोड केली होती. मागच्या दोन वर्षांपुरता दर्जा गेला, ५०,००० डॉलर भरले आणि विषय संपला. ती संस्था चर्च नव्हती, पण नमुना समोर होता.

याशिवाय १९८७ च्या कायद्यानं कलम ४९५५ हे खास हत्यार दिलं होतं. राजकीय खर्चावर संस्थेला १० टक्के कर आणि जाणूनबुजून तो खर्च मंजूर करणाऱ्या व्यवस्थापकावर अडीच टक्के. चूक सुधारली नाही, म्हणजे शक्य तेवढा पैसा परत मिळवला नाही आणि पुढच्यासाठी बंदोबस्त केला नाही, तर संस्थेवर त्या खर्चाच्या १०० टक्के कर. सगळ्यात टोकाचा पर्याय, दर्जा रद्द करणं. खात्यानं तो निवडला.

काय घडत गेलं

खात्यानं दोनदा प्रश्नावली पाठवली. आपण कुठलीही निषिद्ध राजकीय कृती केलेली नाही, असं उत्तर चर्चनं दिलं आणि काही माहिती द्यायला नकार दिला. ११ फेब्रुवारी १९९३ ला खात्यानं औपचारिक तपासणी सुरू केल्याचं कळवलं. २० नोव्हेंबरपासून मोजलं तर हा ८३ वा दिवस, म्हणजे नव्वद दिवसांच्या मुदतीला एक आठवडा शिल्लक. दोन बैठका झाल्या, त्यातून काही निघालं नाही. १९ जानेवारी १९९५ ला दर्जा रद्द. दोन वर्षांची मुदत संपायला तीन आठवडे होते. कायद्यानं घालून दिलेलं घड्याळ खात्याच्या डोक्यावर टिकटिकत होतं, हे या तारखांवरून दिसतं. निर्णय ‘टोकाचा’ का झाला, यामागेही मला या घड्याळाचा हात वाटतो. समोरचा माहिती देत नाही, बैठका फिसकटतात आणि तारीख जवळ येते, अशा वेळी कुठलंही खातं फाइल सोडून देण्यापेक्षा आदेश काढणं पसंत करतं.

चर्चनं वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. ख्रिस्ती हक्कांसाठी लढणारी एक मातब्बर वकिलांची संस्था त्याच्या बाजूनं उभी राहिली. मुद्दे ढोबळमानानं तीन होते. खात्याला चर्चचा दर्जा असा काढून घेण्याचा अधिकारच नाही. हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याविरुद्धही आहे. आणि आम्हालाच वेचून धरलं, बाकीच्यांना सोडलं.

तिसऱ्या मुद्द्यात वजन होतं, हे मान्य करायला हवं. निवडणुकीआधीच्या रविवारी चर्चच्या व्यासपीठावर उमेदवारानं उभं राहणं, पाळकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून मंडळीकडे सूचक पाहणं, हे अमेरिकेत दर खेपेला होतं. चर्चच्या वकिलांनी अशा घटनांच्या वृत्तपत्री कात्रणांची शेकडो पानं कोर्टात हजर केली. त्या चर्चचे दर्जे शाबूत होते. न्या. पॉल फ्रीडमन यांनी १९९७ मध्ये या मुद्द्यावर चर्चला खात्याची कागदपत्रं मागण्याची मुभाही दिली. पण मार्च १९९९ मध्ये निकाल खात्याच्या बाजूनं लागला. अपिलात मे २००० मध्ये तोच कायम झाला. त्या सगळ्या कात्रणांत देशव्यापी वृत्तपत्रात उमेदवाराविरुद्ध जाहिरात देऊन तिच्या खर्चासाठी करवजावटीच्या देणग्या मागणारं एकही चर्च नव्हतं. तुमच्यासारखंच दुसरं कुणी नाही, म्हणून भेदभाव सिद्ध होत नाही, असं कोर्टाचं सरळ म्हणणं.

अपिलाचा निकाल लिहिणारे न्यायाधीश कोण होते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. जेम्स बकली. १९७० मध्ये न्यूयॉर्कमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या तिकिटावर सिनेटवर गेलेले. १९७३ मध्ये गर्भपाताविरुद्ध घटनादुरुस्ती मांडणारे. निवडणूक खर्चाच्या मर्यादेला आव्हान देणाऱ्या १९७६ च्या गाजलेल्या खटल्यात ज्यांचं नाव वादी म्हणून आहे, तेच हे बकली. जाहिरातीतल्या गर्भपाताच्या मुद्द्यावर त्यांचं आणि चर्चचं फारसं वाजलं नसतं. त्यांनीच चर्चविरुद्ध निकाल दिला, तेव्हा पक्षपाताची तक्रार करायला जागा उरली नाही.

निकाल आणि त्यातली मेख

धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्ट म्हणालं की, निवडणुकीपासून लांब राहणं आमच्या श्रद्धेच्या विरुद्ध आहे, असा दावा चर्चनं केलेलाच नाही. फरक पडतो तो फक्त पैशाला. पैसा कमी येणं हा उपासनेवरचा मोठा बोजा धरता येत नाही.

इथपर्यंत खातं जिंकलं. पण निकालाच्या त्याच पानांत चर्चनं काय गमावलं याचा हिशेब आहे, आणि तो वाचून दोन्ही बाजूंनी थोडं गप्प बसायला हवं होतं. दर्जा रद्द झाला तरी मंडळीच्या खऱ्या देणग्या चर्चचं करपात्र उत्पन्न ठरत नाहीत. देणगी ही मुळात देणगीच राहते. चर्चला मान्यतेसाठी अर्ज करावाच लागत नसल्यामुळे, यापुढे निवडणुकीत पडलं नाही तर ते चर्च दुसऱ्या दिवसापासून पुन्हा स्वतःला करमुक्त म्हणवू शकतं. तोंडी युक्तिवादात खात्यानं हे कबूल केलं. मग गेलं काय? फक्त आगाऊ खात्री. एखाद्या देणगीदाराची करतपासणी झाली, तर खात्याच्या यादीत नाव दाखवून तो मोकळा होणार नाही. चर्च अटी पाळतं, हे त्याला स्वतः दाखवावं लागेल. परिणाम वास्तवापेक्षा प्रतीकात्मक जास्त, असं कोर्टानंच म्हटलं.

जाहिरातीपासून मोजली तर साडेसात वर्षं, दोन कोर्टं, आणि हाती पडली एक प्रतीकात्मक शिक्षा.

निर्णयाचे क्षण: वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते चर्चची खरी घसरण जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत झाली. उमेदवाराचं नाव घेणं नियमाविरुद्ध होतंच. ती ओळ नसती तरी भंग झालाच असता. पण त्या ओळीनं भंगाचं स्वरूप बदललं. १९९२ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर ३१ टक्के होता. त्या दरातल्या माणसानं १०० डॉलर पाठवले आणि वजावट घेतली, की त्याचा ३१ डॉलर कर वाचतो. जाहिरातीच्या दर १०० डॉलरमागे ३१ डॉलर सरकारी तिजोरीनं सोसले. म्हणजे क्लिंटनना मत देणाऱ्यांनीही. हीच रक्कम कुणी पक्षाला किंवा ‘पॅक’ला दिली असती तर एक सेंटही वजा झाला नसता. इतर चर्चच्या शेकडो पानी कात्रणांपेक्षा हे प्रकरण वेगळं ठरलं ते नेमकं इथं. ओळ नसती, तर वेचून धरल्याचा चर्चचा आरोप बराच टोकदार झाला असता.

दुसरा क्षण पहिल्या प्रश्नावलीचा. ‘आम्ही राजकीय काही केलंच नाही’ हे उत्तर, ती जाहिरात समोर पडलेली असताना, टिकणारं नव्हतं. जाहिरात आमचीच, पुन्हा देणार नाही, देणग्यांचा हिशेब हा घ्या, एवढं सांगून फॉलवेल यांच्यासारखी तडजोड मागता आली असती. अर्थात चर्चला ती नकोच असेल, लढायचंच असेल, तर गोष्ट वेगळी. मग मात्र लढाईचं मैदान तरी नीट निवडायला हवं होतं. ‘अधर्मी उमेदवाराविरुद्ध मंडळीला सावध करणं ही आमच्यावरची धर्माज्ञा आहे’ असा पुरावा उभा केला असता, तर कोर्टाला अवघड प्रश्नाला भिडावं लागलं असतं. तो उभा न केल्यानं सुटका सोपी झाली.

नकार देणं हेच घातक होतं, असंही म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात पासाडेनातल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये ३१ ऑक्टोबर २००४ ला, निवडणुकीच्या दोन दिवस आधी, एका निवृत्त धर्मगुरूंनी उपदेश दिला. येशू दोन्ही अध्यक्षीय उमेदवारांशी, बुश आणि केरी यांच्याशी, वाद घालतोय, अशी कल्पना करून त्यांनी इराक युद्धावर कोरडे ओढले. मत कुणाला द्या हे मी सांगत नाही, असंही म्हटलं. खात्याची चौकशी लागली. त्या चर्चनंही कागदपत्रं द्यायला नकार दिला. २००७ मध्ये खात्यानं फाइल बंद केली: हस्तक्षेप झाला असं आमचं मत, पण दंड नाही, दर्जाही कायम. एक चर्च उजव्या विचारांचं, एक डाव्या. पण मला त्यापेक्षा महत्त्वाचा फरक वाटतो तो व्यासपीठ आणि विकत घेतलेलं पान यांतला.

तिसरा क्षण खात्याचा. कलम ४९५५ वापरलं असतं तर जाहिरातीच्या खर्चाचा आकडा कागदावर आला असता, पाळकांवर व्यक्तिशः थोडा भार पडला असता आणि ‘सुधारणा’ करणं बंधनकारक झालं असतं. १० टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण सुधारणा न केल्यास १०० टक्क्यांचा बडगा मागे उभा असतो. त्या तुलनेत दर्जा रद्द करणं मोठं दिसलं आणि फारच कमी बोचलं. शिवाय चर्चला शहीद होण्याची संधी मिळाली ती वेगळीच.

मग सूट राहावी की जावी?

या प्रकरणानंतर ‘चर्चवर कर लावा’ ही घोषणा मला पोकळ वाटते. लावायचा कशावर? दानपेटीतल्या पैशावर आयकर बसत नाही, हे कोर्टानंच सांगितलंय. धंद्याच्या उत्पन्नावर, म्हणजे संस्थेच्या मूळ कामाशी संबंध नसलेल्या व्यवसायावर, चर्चना १९६९ च्या कायद्यानंच कराखाली आणलंय. मालमत्ता कर हा खरा मोठा पैसा, पण तो गावोगावचा प्रश्न. तिथे ‘वॉल्झ’मधला युक्तिवाद मला अजून पटतो: शंभर वर्षांच्या चर्चच्या जागेला बाजारभाव लावून जप्तीची नोटीस धाडणारं सरकार कुणालाच नको असतं.

हात घालायचा तर दोन ठिकाणी. एक, वजावट आणि करमुक्ती यांची गाठ सोडवावी. चर्चनं हवं त्याच्याविरुद्ध बोलावं, पण ज्या वर्षी ते उमेदवाराचं नाव घेईल त्या वर्षी त्याच्या देणगीदारांना वजावट नाही. भारतातली धार्मिक ट्रस्टांची आणि ८०जी ची फारकत पाहिलेल्याला यात काही क्रांतिकारक वाटणार नाही. आपल्याकडे राजकारण आणि देऊळ वेगळं ठेवायला दुसरेच कायदे आहेत: १९८८ च्या धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंधक कायद्यात तुरुंगवास आहे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली धर्माच्या नावावर मतं मागितली तर निवडच रद्द होते. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली निवड पुढे याच कारणावरून रद्द झाली, हे मुंबईकरांना आठवत असेल. आपण उमेदवाराला धरतो, अमेरिका संस्थेच्या पैशाला धरू पाहते. पैशाला धरायचं तर तो दिसायला हवा, आणि इथेच दुसरी सुधारणा येते: मोठ्या चर्चना फॉर्म ९९० लागू करावा. मंडळी किती लहान असेल तर सूट द्यावी, यावर वाद घालता येईल. पण शेकडो एकरांचा परिसर असलेल्या चर्चनं एक पानही जाहीर करायचं नाही, याचं समर्थन मला धर्मस्वातंत्र्यात सापडत नाही.

पुढे

त्यानंतर नियम कागदावर राहिला आणि अंमल जवळजवळ थांबला. २००८ मध्ये काही पाळकांनी मुद्दाम उमेदवारांची नावं घेऊन उपदेश दिले, खात्याला आव्हान म्हणून. २००९ मध्ये मिनेसोटातल्या एका कोर्टानं ठरवलं की चर्चची चौकशी मंजूर करणारा अधिकारी कलम ७६११ ला हवा तेवढा वरिष्ठच नव्हता. मे २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी या बाबतीत सबुरीनं घ्या, असा आदेश काढला. जुलै २०२५ मध्ये तर टेक्सासमधल्या एका खटल्यात खात्यानंच लिहून दिलं की, उपासनेच्या वेळी, नेहमीच्या मार्गानं, आपल्याच मंडळीशी श्रद्धेच्या अंगानं बोलताना उमेदवाराबद्दल काही म्हटलं तर ते १९५४ च्या बंदीत येत नाही. हा अर्थ धरला तरी १९९२ ची जाहिरात त्यात बसत नाही. ‘यूएसए टुडे’चा वाचक म्हणजे बिंगहॅम्टनची मंडळी नव्हे.

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीनं या बातमीवर विसंबून गणेशोत्सवाच्या स्टेजवर एकाच उमेदवाराला माइक देऊ नये. मंडळ ५०१(सी)(३) असलं तरी ते कायद्याच्या भाषेत चर्च नाही. त्याला कलम ७६११ चं कवच नाही आणि उमेदवार बोलवायचेच तर सगळ्यांना सारखी संधी द्यावी लागते. फॉर्म ९९० किंवा त्याचा छोटा अवतार दरवर्षी भरावा लागतो. सलग तीन वर्षं चुकला तर मान्यता आपोआप जाते, आणि ती परत मिळवायला नव्यानं अर्ज आणि शुल्क भरावं लागतं.